ज्वारीच्या दाण्याहून बारीक प्लॅस्टिक: येतं कुठून, जातं कुठं, आणि माशाचं-माणसाचं काय करतं

मागच्या वर्षी उन्हाळ्यात टरबूज निघालं आणि अण्णा अन् मी रानातलं मल्चिंग काढायला लागलो. पैठण तालुक्यातलं आमचं दोन एकर रान, ओल टिकावी अन् तण येऊ नये म्हणून बेडवर अंथरलेला चंदेरी-काळा २५ मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. एका टोकाला धरून ओढला की गुंडाळत येईल असं वाटलं होतं, पण तीन महिने ऊन खाल्लेला कागद, हात दीड हात आला की टर्रकन फाटायचा, आणि मातीत दबलेली कड तर निघायचीच नाही, तिचे नखाएवढे तुकडे व्हायचे. दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. अण्णा म्हणाले, "राहू दे आता, रोटाव्हेटर मारू, जाईल मातीत." मी म्हणालो, अण्णा, हे मातीत कुजत नाही. तर म्हणाले, "न का कुजंना, येवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि तरी त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही.

घरी आलो तर आईचा वेगळाच प्रश्न. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिठात प्लॅस्टिक सापडल्याची बातमी फिरत होती. "मग आता मीठ बी खायचं नाही का?" तेव्हापासून या विषयावर जे वाचत गेलो ते अण्णांना आणि आईला जसं सांगितलं तसंच इथं लिहितोय. अण्णांचा प्रश्न आणि आईचा प्रश्न खरं तर एकच आहे, अण्णा एका टोकाला उभे आहेत आणि आई दुसऱ्या.

मायक्रोप्लॅस्टिक म्हणजे किती बारीक?

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकचा कुठलाही कण म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. ५ मिलिमीटर म्हणजे साधारण ज्वारीचा टपोरा दाणा. तिथून खाली पार डोळ्याला न दिसणाऱ्या कणापर्यंत सगळे याच नावात येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि एका मायक्रॉनपेक्षाही बारीक झालं की त्याला नॅनोप्लॅस्टिक म्हणतात. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

हे नाव चर्चेत आलं २००४ साली, इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन यांनी समुद्रकाठच्या वाळूत असले कण शोधून त्यावर लिहिलं तेव्हा. म्हणजे विषय तसा नवा आहे, आणि नवा आहे म्हणूनच याबद्दल खऱ्या गोष्टी आणि उडवलेल्या गोष्टी एकत्रच फिरतात.

झिजतं, पण कुजत नाही

गच्चीवर किंवा गोठ्याच्या पत्र्यावर खताची रिकामी गोणी दोन उन्हाळे पडलेली कुणी उचलली असेल तर त्याला हा भाग सांगायची गरज नाही. हात लावला की गोणी हातात येतच नाही, तिचा भुगा होतो, पांढरे पांढरे धागे तुटून बोटाला चिकटतात, फुंकर मारली की उडतात. आपण म्हणतो गोणी सडली. ती सडलेली नसते.

प्लॅस्टिक आतून कसं असतं, तर मण्यांच्या लांबच लांब माळा एकमेकीत गुंतलेल्या. आपल्याकडचं ४२-४३ डिग्रीचं ऊन त्या माळा ठिकठिकाणी तोडतं. माळ तुटली की वस्तू ठिसूळ होते, मोडते, भुगा होतो, पण मणी तेच राहतात. कडब्याची कुट्टी केली म्हणून कडबा संपत नाही, तसंच हे. फरक एवढाच की कडबा रानात पडला तर एका पावसाळ्यात बुरशी, वाळवी, गांडुळं त्याची माती करतात, आणि प्लॅस्टिकची कुट्टी खाऊन पचवणारं जिवाणूंचं सैन्य निसर्गात जवळजवळ नाहीच, जे थोडेफार जिवाणू सापडलेत त्यांचा वेग या ढिगापुढं काहीच नाही.

२०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की १९५० ते २०१५ या काळात जगानं ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनवलं, आणि त्यातून जो कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आला, १२ टक्के जाळला गेला, बाकीचा कुठं ना कुठं पडून आहे. त्या पडलेल्याची दर उन्हाळ्यात कुट्टी व्हायलीय.

समुद्र तर लांब, मग आपल्याकडं कुठून आलं?

हा प्रश्न मला शाळेतली पोरं विचारतात कारण पुस्तकात फोटो असतो तो समुद्रातल्या कासवाचा. मराठवाड्याला समुद्र नाही. पण समुद्रात जाणारं प्लॅस्टिक समुद्रात तयार होत नाही ना, ते जमिनीवरूनच जातं.

कपड्यापासून सुरू करू. पॉलिस्टरची साडी, ट्रॅकपँट, लोकरीसारखं दिसणारं अ‍ॅक्रिलिकचं स्वेटर, हे सगळं प्लॅस्टिकचंच सूत. प्लिमथमध्येच २०१६ साली मोजलं होतं, ६ किलो अ‍ॅक्रिलिकचे कपडे मशीनमध्ये एकदा धुतले तर ७ लाखांहून जास्त धागे पाण्यात निघू शकतात. ते पाणी नालीत, नाली ओढ्यात, ओढा नदीत. मोठ्या शहरात सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र असतं तिथं बहुतेक धागे अडतात, पण अडतात म्हणजे गाळात बसतात, आणि तो गाळ खत म्हणून रानात टाकला की परत तेच.

दुसरं टायर. ट्रॅक्टरचा, गाडीचा टायर गुळगुळीत होतो तेव्हा त्याच्यावरचं रबर कुठं गेलं असा विचार आपण कधी करत नाही. ते रस्त्यावर धूळ होऊन पडलं. आजकालच्या टायरात मोठा भाग कृत्रिम रबराचा असतो म्हणून शास्त्रज्ञ ही धूळही मायक्रोप्लॅस्टिकमध्येच धरतात, आणि पहिला पाऊस आला की ती धुऊन ओढ्याला जाते.

आणि तिसरं आपलं रान, याबद्दल फार कमी बोललं जातं. मल्चिंग, ड्रीपच्या नळ्या, शेततळ्याचं अस्तर, खताच्या गोण्या, रोपवाटिकेचे ट्रे, औषधाच्या बाटल्या. मी मल्चिंगच्या विरोधात नाही, ज्या भागात २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात पाणी धरून ठेवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मी नावं ठेवणार नाही. मल्चिंगनं पाणी वाचतं, खुरपणी वाचते, हे मी आमच्याच रानात बघतो. पण केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पातळ कागद उन्हात तीन-चार महिने ठेवून त्यावर रोटाव्हेटर मारणं म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक पेरणंच झालं, हेही तितकंच खरं.

धरणात गेल्यावर

गोदावरी नाशिककडून येते, वाटेतल्या शहरांचं आणि गावांचं घेऊन जायकवाडीत थांबते. वाहतं पाणी थांबलं की त्यातलं जड ते खाली बसतं, गाळ बसतो तसाच. प्लॅस्टिकच्याही जाती आहेत. कॅरीबॅगचं आणि गोणीचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं, पाइपाचं, नायलॉनच्या जाळ्याचं जड, ते बुडतं. आणि तरंगणाऱ्यावर पण काही दिवसांनी शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, वजन वाढतं, मग तेही खाली जातं. तो थर चढला की कणाला वास आणि चव खाण्याच्या वस्तूची येते. मासा त्याला खाणं समजतो ते येड्यासारखं नाही, त्याच्यासाठी ते खाण्यासारखंच झालेलं असतं.

अजून एक गोष्ट. हळदीची भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात दोन दिवस ठेवली तर डबा पिवळा पडतो आणि कितीही घासला तरी निघत नाही, स्टीलच्या डब्याला असं होत नाही. कारण प्लॅस्टिक तेलात विरघळणाऱ्या गोष्टी स्वतःत ओढून घेतं. पाण्यातली काही कीटकनाशकं आणि कारखान्यांची काही रसायनं तशीच तेलकट स्वभावाची असतात, ती या कणांना चिकटतात. वर प्लॅस्टिक मऊ राहावं, उन्हात टिकावं म्हणून बनवतानाच त्यात घातलेली रसायनं असतात ती वेगळी.

माशांना नेमकं काय होतं?

पाण्यात सगळ्यात खालच्या पायरीवर डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव असतात, पाण्यात तरंगत शेवाळ खाणारे. त्यांना बारके मासे खातात, बारक्यांना मोठे. २०१३ साली इंग्लंडमधल्या प्रयोगात या बारक्या जीवांना शेवाळाबरोबर प्लॅस्टिकचे गोळे दिले तर त्यांनी ते गिळले आणि शेवाळ खाणं कमी केलं. पोट भरलं, अंगी काही लागलं नाही. आपल्याकडं उकिरड्यावर चरणाऱ्या गाईचं जे होतं तेच, तिच्या पोटातून डॉक्टर कित्येक किलो कॅरीबॅग काढतात आणि गाय असते हाडाचा सापळा.

फ्रान्समध्ये कालवांवर, म्हणजे शिंपल्यात राहणाऱ्या जिवांवर, प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन महिने पाण्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म गोळे ठेवले. मादीची अंडी ३८ टक्क्यांनी कमी झाली, नराचे शुक्राणू मंद झाले, पिल्लं ४१ टक्क्यांनी कमी निघाली. कालवं मेली नाहीत हे लक्षात घ्या. वरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं.

आणि टायरची गोष्ट राहिली. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या भागात कोहो नावाचा सामन मासा अंडी घालायला समुद्रातून ओढ्यात येतो. पाऊस पडला की तो अंडी घालायच्या आधीच काही तासांत मरायचा, कित्येक वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० साली सापडलं, टायर लवकर तडकू नये म्हणून त्यात घालतात त्या ६पीपीडी नावाच्या रसायनाची हवेतल्या ओझोनशी गाठ पडून त्याचं जे रूप होतं, तेच विष. त्याच ओढ्यातल्या दुसऱ्या एका जातीच्या सामनला त्याचं काही होत नाही. म्हणून आपल्या रोहू-कटल्याचं असंच होईल असं मी म्हणत नाही, ते तसं म्हणणं चूक होईल. पण एक गोष्ट यातून कळते, की कोणत्या जिवाला काय बाधेल हे आधी सांगता येत नाही.

जायकवाडीचा मासा खायचा का मग? मी खातो. मोठ्या माशात कण बहुतेक आतड्यात असतात आणि ते आपण साफ करताना टाकून देतो. झिंगे, सुकट, बारके मासे आपण पोटासकट खातो, तिथं जास्त जातात. तरी मासळी सोडायचं कारण नाही, कारण आता पुढं सांगतो तसं, प्लॅस्टिक नुसत्या मासळीतून येत नाही.

आपल्या अंगात खरंच आहे का?

आहे. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडलं. त्याआधी इटलीत ६ बायकांच्या बाळंतपणानंतरची वार तपासली होती, त्यातल्या चौघींच्या वारेत कण होते.

सगळ्यात मोठी चर्चा झाली ती २०२४ च्या मार्चमधल्या इटलीच्याच अभ्यासाची. मानेतून मेंदूकडं रक्त नेणाऱ्या नसेत चरबीचा थर साचला म्हणून ऑपरेशन झालेले २५७ रुग्ण, त्यांचा तो काढलेला थर तपासला. १५० जणांच्या थरात पॉलिथिन होतं, म्हणजे कॅरीबॅगचंच प्लॅस्टिक. पुढं जवळपास तीन वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं, तर ज्यांच्या थरात प्लॅस्टिक होतं त्यांना हार्ट अटॅक, लकवा किंवा मृत्यूचा धोका बाकीच्यांच्या साडेचारपट निघाला.

आता इथं थांबून वाचा. यातून प्लॅस्टिकमुळंच अटॅक आला हे सिद्ध होत नाही. ज्याच्या अंगात प्लॅस्टिक जास्त तो कदाचित जास्त धुरात, जास्त प्रदूषणात राहत असेल, दुसरंच काही कारण असेल. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच हे लिहिलंय. पण उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत या कणांनी सूज येते हे दिसलंय आणि नसेतला थर फुटायला सूज हे एक मोठं कारण असतं, त्यामुळं डॉक्टर लोक हे हलक्यात घेत नाहीत.

"आठवड्याला एक एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो" हे खरं का?

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. २०१९ मधल्या एका अंदाजावरून तो निघाला, आठवड्याला ५ ग्रॅम. नंतरच्या शास्त्रज्ञांनी तो हिशेब तपासला तर तो फार म्हणजे फारच फुगलेला निघाला. तसंच मेंदूत चमचाभर प्लॅस्टिक असल्याची बातमी २०२५ मध्ये गाजली, त्या मोजणीच्या पद्धतीवर शास्त्रज्ञांनीच शंका घेतल्यात, कारण मेंदूतली चरबी मशीनला प्लॅस्टिकसारखी दिसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगितलं होतं की १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक अंगात न मुरता बाहेर पडतात. म्हणून घाबरवणारा आकडा आला की तो पुढं ढकलायच्या आधी दोन दिवस थांबा. जे पक्कं आहे तेच काळजी करायला पुरेसं आहे.

"इतकी वर्षं वापरतोय, कुठं काय झालं?"

अण्णांचं हे ठरलेलं वाक्य. अण्णा लहान होते तेव्हा घरात बादली पितळेची, पाणी रांजणात, बाजाराची पिशवी कापडाची. १९५० साली जगात वर्षाला २० लाख टन प्लॅस्टिक व्हायचं, आता ४० कोटी टनांच्या वर होतं. म्हणजे अण्णांच्या ७० वर्षांत प्लॅस्टिक आलं त्यातलं निम्म्याहून जास्त शेवटच्या २०-२५ वर्षांत. माझ्या पोरीच्या अंगात ते आईच्या पोटात असल्यापासून असू शकतं. त्या पोरांचं साठीला काय होतं हे बघायला अजून साठ वर्षं जायचीत.

आईच्या मिठाचं काय?

टॉक्सिक्स लिंक या दिल्लीच्या संस्थेनं २०२४ मध्ये १० प्रकारची मिठं आणि ५ प्रकारच्या साखरा तपासल्या, एकही कोरी निघाली नाही. सगळ्यात जास्त आयोडीनच्या मिठात, किलोला ८९ च्या आसपास कण. आता आई दिवसाला घालते त्यातलं एका माणसाच्या वाट्याला समजा १० ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाला एकही पूर्ण कण येत नाही. हे मी आईला हिशेब करून दाखवलं. मीठ सोडू नको, आयोडीनचं तर अजिबात सोडू नको, गलगंड परवडणार नाही.

त्याच्या तुलनेत स्टँडवरचा चहा बघा. कागदी कप कागदी दिसतो पण नुसता कागद चहा धरील का? आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरनं २०२० मध्ये मोजलं, ८५-९० डिग्रीचं १०० मिली पाणी १५ मिनिटं कपात ठेवलं तर त्यात सुमारे २५,००० कण. आपण चहा पंधरा मिनिटं ठेवत नाही हे खरं, पण मिठाचा जेमतेम एक कण आणि हे हजारांत, फरक तुम्हीच बघा. काचेचा ग्लास मागा. आमच्या टपरीवाल्याला मी म्हणलं तर तो म्हणाला, "सर, ग्लास धुवायला पाणी कुठंय?" त्याचंही खरं आहे, तेव्हापासून मी माझा स्टीलचा कप पिशवीत ठेवतो.

पाणी: जार, बोअर आणि उकळणं

बाटलीबंद पाण्यात अमेरिकेत २०२४ मध्ये नव्या पद्धतीनं मोजलं तर लिटरला सरासरी २ लाख ४० हजार कण, त्यातले ९० टक्के नॅनो. आपल्याकडं लग्नात, ऑफिसात, दुष्काळात घरोघरी जार. आरओच्या पडद्यातून कण फार कमी जातात, पण नंतर तेच पाणी वर्षानुवर्षं घासलेल्या जारमध्ये, उघड्या टेम्पोत, उन्हात. घरी आलं की लगेच माठात किंवा स्टीलच्या भांड्यात ओता, एवढं तरी होतं.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या बोअरच्या पाण्याला आपण जन्मभर नावं ठेवतो, जड आहे, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर चढतो. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवलं की जड पाणी पाच मिनिटं उकळलं तर तो पांढरा क्षार तयार होताना प्लॅस्टिकच्या कणांना स्वतःत गुंडाळून घेतो, आणि निवल्यावर गाळलं की जवळपास ९० टक्क्यांपर्यंत कण निघून जातात. हलक्या पाण्यात हाच आकडा २५ टक्के. म्हणून पाणी उकळा, झाकून निवू द्या, तळ न हलवता दाट सुती कापडातून वरचं वरचं ओता, आणि तळाचं पांढरं पाणी पिऊ नका.

"बंदी आहे की मग"

आहे. महाराष्ट्रानं २०१८ ला केली, देशानं एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून केली. जगभराचा करार व्हावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात देश बसले होते, काही न ठरताच उठले. पण या बंद्या कपाच्या, स्ट्रॉच्या, कॅरीबॅगच्या. पॉलिस्टर, टायर, मल्चिंग त्यात येतच नाही. आणि एकदा भुगा झाला की गोदावरीतून तो गाळून काढील असं यंत्र कुणाकडं नाही. मोठं असतानाच हातात येतं, त्यानंतर नाही.

अण्णांना हे पटलं ते मी बोललो म्हणून नाही. पावसाळ्यात आमच्या शेततळ्याच्या तळाचा गाळ मी काचेच्या बरणीत पाणी घालून हलवला, खडे-माती खाली बसली आणि वर चंदेरी टिकल्या तरंगल्या, एका बाजूनं काळ्या. अण्णांनी चष्मा लावून बरणी उन्हात धरली, बराच वेळ बघत राहिले. आपलाच कागद त्यांनी ओळखला.

यंदा आम्ही ३० मायक्रॉनचा आणला, थोडा महाग पडतो पण फाटत नाही. शेवटचा तोडा झाला की दुसऱ्याच दिवशी, वेल वाळायच्या आत, ड्रीपनं तासभर पाणी सोडून माती मऊ केली, कडा खुरप्यानं मोकळ्या केल्या, आणि जुन्या पाइपावर गुंडाळत गेलो. ओळीच्या ओळी सलग आल्या. भंगारवाला मातीचा कागद घेत नाही, म्हणून वाळवून काठीनं झोडला, धुतला नाही, धुतला असता तर तेच पाणी ओढ्याला गेलं असतं. अंथरताना ११ रोल होते, वजनानं १४५ किलो. परत काट्यावर भरलं ११८.

अण्णांनी मनातच वजाबाकी केली. "म्हणजे सत्तावीस किलो रानातच की." दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ते घमेलं आणि खुरपं घेऊन पहिल्या बेडवर बसलेले होते.